गुरुवार, तीन ते पाच

दारावरचा कागद मला पाठ झाला होता:
प्रा. अर्बिसू, संख्याशास्त्र.
गुरुवार, तीन ते पाच. विद्यार्थ्यांसाठी.
खालच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी सुटलेली.
पुनोचा वारा जिन्यातून वर आला की
कागद फडफडायचा,
आणि मी तेवढंच निमित्त करून परत फिरायचे.

तीन गुरुवार असे गेले.
पहिल्या वेळी आत कुणीतरी हसत होतं.
दुसऱ्या वेळी आत बाई एकट्याच होत्या, ते जास्त अवघड.
तिसऱ्या वेळी दारापर्यंत गेलेच नाही,
खाली झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून
भलत्याच कुणाच्या वहीच्या प्रती काढल्या.
सुबक अक्षर, चौकटीतली सूत्रं.
त्यातलंही काही कळलं नाही.

वर्गात मात्र, "समजलं?" म्हटलं
की सगळ्यांच्या आधी मान हलायची.
मान हलवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

चाचणीत वीसपैकी सहा.
भाड्याच्या खोलीत, वर पत्र्यावर दव गोठत असताना
तो सहा उलटा धरून पाहिला. नऊ झाले.
नऊलाही नापासच.

रविवारी घरी फोन लावला.
बाबा दमलेले होते, खुशीत होते.
एलेउतेरियोचं घर शाकारून आले होते.
चौदा माणसं, अंधाराच्या आत काम संपलं.
"बुधवारी आला होता सांगायला," म्हणाले,
"कोकाची मूठभर पानं घेऊन. बसला. पानं चघळली.
मग म्हणाला, छप्पर गळतंय, हात हवेत."
एवढंच?
"आणखी काय? गळतंय तर गळतंय."
लाज नाही वाटली त्याला?
फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा.
"कसली लाज, लुसमिला?
गेल्या साली आपले बटाटे काढायला
चार दिवस तो होता की."

आमच्याकडे सावडीचा हिशेब कुणी लिहीत नाही.
विसरतही नाही.

चौथा गुरुवार.
पानं नव्हती माझ्याकडे.
आईनं पाठवलेला भाजका मका होता, फडक्यात बांधलेला.
तो घेतला.
जिन्यात वाटलं, किती खुळं दिसेल हे,
आणि गाठ आणखी आवळली.

अर्बिसूबाई बूट काढून, पाय हीटरपाशी धरून
पेपर तपासत होत्या.
मी वाक्य घोकून आणलं होतं:
मॅडम, तिसऱ्या प्रकरणातल्या काही संकल्पनांबाबत मला...
ते तिथंच तुटलं.
म्हटलं, गळतंय.

"काय गळतंय?"

सगळंच.

त्यांनी वही मागितली. मागून पुढे चाळली.
"बरं. कोरडं कुठपर्यंत आहे?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी स्वतःलाही नाही.
बोट फिरवत मागे गेले. पान वीस, नाही.
सतरा, नाही. चौदाव्यावर उगाच थांबले.
पान अकरा, वरून चौथी ओळ.
इथपर्यंत येत होतं मला.
खरंच येत होतं, आणि तेही
मी विसरून गेले होते.

पाच वाजले, पावणेसहा झाले.
एका ओळीवर चाळीस मिनिटं.
मका खात खात त्या स्वतःच दोनदा चुकल्या,
"थांब थांब" म्हणत खोडलं,
कागदावर मिठाचे खडे सांडले.
सगळं कळलं असं नाही.
बारावं पान कळलं. तेरावं अर्धं.

निघताना न राहवून विचारलं,
मी काय करू? म्हणजे, बदल्यात.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
फडकं झटकून, घडी घालून हातात दिलं.
"पुढच्या गुरुवारी, तेराव्याचं उरलेलं."

बाहेर कागद तसाच फडफडत होता.
अंगठ्यानं कोपरा दाबून धरला थोडा वेळ.
सोडला तर परत सुटला.